मशीनवर झिरो-झिरो, रस्त्यावर ठोका

आमचं टायरचं दुकान धायरीकडे. पंक्चर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे टायर एवढंच, इंजिनला आम्ही हात लावत नाही. गोष्ट गेल्या पावसाळ्यातली आहे, आणि आधीच सांगतो यात थोडी माती मी पण खाल्लीये.

एक काकू आहेत वडगावच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, गाडी स्वतः चालवतात आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांपेक्षा बरी चालवतात. जुलैच्या सुरुवातीला आल्या, म्हणाल्या "पुढून डावीकडून आवाज येतो, टकटक नाही, धप् धप् असा, स्पीड वाढला की घाईत यायला लागतो." आमच्याकडे यायच्या आधी दुसरीकडे दाखवून झालं होतं, तिथे पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं, आवाज तसाच, मग म्हणे उजव्याचं असेल, तेही बदललं, आवाज तरी तसाच. दोन्ही जुनी बेअरिंगं त्यांनी डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली, मी हातात घेऊन फिरवली तर दोन्ही लोण्यासारखी फिरत होती, पण दुसऱ्याच्या कामाबद्दल गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही हा आमचा नियम.

मी काय केलं, संध्याकाळी साडेसहाला सिंहगड रोडवर एक चक्कर मारली. साडेसहाला सिंहगड रोड म्हणजे काय ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, गाडी पंधराच्या वर गेलीच नाही, बाजूला पीएमपी, रिक्षा, हॉर्न, त्यात काय ऐकू येणार कप्पाळ! परत आलो, चारी चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली आणि वर शहाणपणा केला, म्हटलं काकू रस्ते किती खराब झालेत बघा ना, रस्त्याचाच आवाज असेल. त्या काही बोलल्या नाहीत, पैसे दिले, पावती घेतली, गेल्या.

पंधरा दिवसांनी परत हजर. "रस्ता तोच आहे, पण शेजाऱ्यांच्या गाडीत बसले तर आवाज येत नाही. मग रस्ता फक्त माझ्या गाडीखालीच खराब होतो का?"

आता यावर काय बोलणार. म्हटलं उद्या सकाळी सहाला या, ट्रॅफिक नसतं. त्या सहाला दहा कमी असताना आल्या.

मी चालवायला बसलो, काकू शेजारी, आणि आमच्या दुकानातला पोरगा मागे. हा पोरगा संध्याकाळी पथकात ताशा वाजवतो, गणपतीच्या आधी दोन महिने प्रॅक्टिससाठी पाचलाच पळतो, त्यावरून माझी रोज बोलणी खातो, ते असो. खडकवासल्याच्या बाजूला निघालो, काचा बंद, एसी बंद, रेडिओ बंद. साठच्या स्पीडला न्यूट्रल केली, इंजिनचा आवाज खाली आला पण धप् धप् तसंच चालू, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा संबंध नाही, जे काही आहे ते चाकाबरोबर फिरतंय. मग मोकळा पट्टा बघून गाडी जराशी डावीकडे-उजवीकडे झुलवली. डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकांवर येतं, उजवीकडे वळवली की डाव्या, बेअरिंग गेलं असेल तर ज्या बाजूला वजन पडतं तिथली घरघर बहुतेक वेळा वाढते. इथे काही फरक नाही. आणि मुळात बेअरिंग गेलं की सलग घूंऽऽ येतं, विमान लांबून चालल्यासारखं, ठोके मोजता येत नाहीत.

ठोके मोजायचं पोरानंच काढलं. मी गाडी 20 वर धरली, तो मागच्या सीटला कान लावून मांडीवर बोटं आपटत होता, म्हणाला दादा सेकंदाला तीनला जरा कमी पडतायत, आणि समान पडतायत. टायर 185/65, 15 इंची रिम, म्हणजे एका फेरीत जवळपास 1.95 मीटर जातो, 20 च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, करा भागाकार, 2.8 येतं. एका फेरीला एक ठोका. म्हणजे कुठल्यातरी एका चाकावर एकच जागा आहे जी दर फेरीला रस्त्यावर आपटतेय. आणि पोरगा म्हणतो आवाज पुढे नाहीये, माझ्या खालून येतोय, डावीकडून. बंद गाडीत पत्र्यातून आवाज कुठूनही कुठे जातो, त्यामुळे पुढे बसलेल्याला तो पुढचाच वाटतो, काकूंची त्यात काही चूक नव्हती.

माझ्या डोक्यात आलं फ्लॅट स्पॉट असेल, कारण गाडी आठवडा आठवडा पार्किंगमध्ये उभी असते, टायर खालून बसतो. पण उभं राहून बसलेला टायर पंधरा-वीस मिनिटं चालला, गरम झाला की बहुतेकदा पूर्ववत होतो. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या उलटं आहे, निघाल्यावर कमी असतो, सासवडला पोचेपर्यंत वाढलेला असतो. हे ऐकलं आणि मला जरा धस्स झालं.

दुकानात येऊन गाडी उचलली. हातानं जोरात फिरवलं की चारी चाकं मस्त दिसतात, डोळा फसतो. म्हणून टायरपासून दोन मिलिमीटरवर स्क्रूड्रायव्हरचं टोक येईल असा तो स्टँडला बांधला आणि चाक हळूऽऽ फिरवलं. पुढची दोन्ही ठीक, मागचं उजवं ठीक, मागच्या डाव्याला फट उघडत उघडत गेली आणि मग एका जागी रबर स्क्रूड्रायव्हरला घासलंच. वीतभर पट्टा, तीन-चार मिलिमीटर वर आलेला. नक्षी छान शिल्लक, नुसतं बघून कुणीही म्हटलं असतं अजून वर्षभर चालेल. डोळे मिटून तळवा फिरवला की टेंगूळ लागत होतं.

स्टेपनी काढली, तिच्यात हवा 12, ती 33 केली (स्टेपनीची हवा कोण बघतं म्हणा), मागे डावीकडे लावून परत चक्कर मारली. ठोका गायब.

आता माझी फजिती. तेच काढलेलं चाक मी बॅलन्सिंग मशीनवर चढवलं, मशीन म्हणतं झिरो-झिरो. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीचं माझं काम मशीनच्या हिशोबात शंभर टक्के बरोबर! मशीन वजन बघतं, गोलाई बघत नाही, टेंगळाच्या समोरच्या बाजूला शिसं ठोकलं की ते खूश. त्या चाकाला तेव्हा 75 ग्रॅम लागलं होतं, बाकीच्यांना दहा-पंधरा, मला आठवत होतं. एवढं वजन का लागतंय हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता, पण मागे तीन गाड्या हॉर्न मारत होत्या, लावलं आणि उतरवलं.

काकू म्हणाल्या कापून दाखवा. कापला. वरच्या रबराखाली तारांचे दोन पट्टे असतात एकावर एक, ते त्या वीतभर जागेत एकमेकांपासून सुटलेले, तारा तांबूस गंजलेल्या. मधोमध जुनं पंक्चर, बाहेरून नुसती स्ट्रिप घातलेलं, आतून पॅच नाही. तिथूनच पाणी मुरत गेलं असणार, तारा गंजल्या, पकड सुटली, आणि टायर तापला की सुटलेला भाग अजून फुगायचा, म्हणून सासवडला जाता जाता आवाज वाढायचा. साइडवॉलवर तारखेचे चार आकडे 2617, म्हणजे 2017 चा 26 वा आठवडा. चारी टायर त्याच तारखेचे. पुढच्या रविवारी काकू याच गाडीतून नातवंडांना घेऊन ताम्हिणीतून दिवेआगरला निघणार होत्या, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की पोरगा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

मी म्हटलं चारी बदला. त्या म्हणाल्या आत्ता दोन, पेन्शन महिन्याची महिन्याला येते. नवे दोन मागे लावले. बिल केलं, त्यांनी चष्मा लावून वाचलं, पर्समधून पंधरा दिवसांपूर्वीची पावती काढली आणि बॅलन्सिंगच्या ओळीवर बोट ठेवलं, बोलल्या काहीच नाहीत. मी तेवढे पैसे वजा केले.

तिसऱ्या दिवशी फोन. "ठोका गेला. पण आता पुढून घूंऽऽ असं ऐकू येतंय, सलग. हे आधी होतं का?"

असणारच होतं, ठोक्याखाली दबलेलं. पुढचे टायर आतल्या कडेनं टप्प्याटप्प्यानं खाल्लेले मी त्या दिवशीच बघितले होते.

म्हटलं काकू, उद्या सकाळी सहाला या.