खास दिवसाचं जेवण फोनवरच ठरतं

वाढदिवस असो, लग्नाची पंचविशी असो की निवृत्ती, उंची रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचं ठरलं की लोक आधी मेनू उघडून बसतात. मेनू नंतर बघा, आधी फोन करा. ॲपवरून टेबल मिळतं, पण तिथल्या ‘विशेष सूचना’च्या चौकोनात टाकलेल्या दोन ओळी किचनपर्यंत पोचतीलच याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी स्वयंपाक सहसा चांगलाच असतो. संध्याकाळ बिघडते ती कोणीतरी काहीतरी वेळेवर सांगितलेलं नसतं म्हणून.

दुपारची जेवणं आटोपून रात्रीची गडबड सुरू व्हायच्या आधी, साधारण चार ते साडेपाचच्या सुमारास फोन केलेला बरा. तेव्हा मॅनेजर नीट ऐकून घेतो आणि वहीत लिहितो. टेबल कितीही आधी घेतलेलं असलं तरी तपशील सांगणारा फोन तीन-चार दिवस आधी करा आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा खात्री करून घ्या. ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव विचारून ठेवा. पुढे काही अडलं तर ‘कोणाला तरी सांगितलं होतं’ याचा काही उपयोग होत नाही.

या फोनवर पहिला प्रश्न विचारायचा तो वेळेचा: टेबल आमच्याकडे किती वाजेपर्यंत? अनेक ठिकाणी एका रात्रीत एकाच टेबलावर दोन पाळ्या बसवतात आणि पहिल्या पाळीला दोन तास मिळतात. आठ कोर्सचा टेस्टिंग मेनू, म्हणजे शेफने ठरवलेल्या छोट्या-छोट्या पदार्थांची मालिका घेतली, तर दर कोर्सला वीस मिनिटं धरून अडीच-तीन तास जातात. दोन तासांच्या पाळीत ती कोंबली की शेवटचे तीन कोर्स धावत येतात आणि नेमका केकच्या वेळी वेटर घड्याळ बघायला लागतो. मोठ्या प्रसंगाला दुसरी पाळी मागावी किंवा एकच पाळी असलेली जागा शोधावी. रद्द करायची मुदतही तेव्हाच विचारून घ्या. ती बहुधा २४ किंवा ४८ तासांची असते, आणि सहाजण सांगून चारच गेलात तर न आलेल्या दोघांचेही पैसे कापले जाऊ शकतात.

तारखेबद्दल माझं मत ठाम आहे. १४ फेब्रुवारी आणि ३१ डिसेंबर या रात्री टाळाव्यात. त्या दिवशी हॉल खच्चून भरलेला, मेनू ठरावीक आणि किचनला एका टेबलासाठी वेगळं काही करायला हात रिकामा नसतो. तोच प्रसंग दोन दिवस पुढे ढकलून मधल्या वारी साजरा केला, तर तीच माणसं दुप्पट लक्ष देतात. एकच पाळी असलेल्या जागी वेळ हॉल उघडल्यापासून पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातली घ्यावी. एका तासाने सगळी टेबलं एकदम ऑर्डर देतात, आणि तिथून पुढे प्रत्येक कोर्समधलं अंतर वाढत जातं.

जागा निवडताना मिशलॅन या रेस्टॉरंट-गाइडचे तारे बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. हे गाइड एका टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी काढलं, तारा द्यायला १९२६ मध्ये सुरुवात झाली आणि दोन-तीन ताऱ्यांच्या पायऱ्या १९३१ मध्ये आल्या. तो तारा फक्त प्लेटमधल्या अन्नाचा असतो. सजावट, खुर्च्या, आदरातिथ्य यांचे गुण त्यात धरत नाहीत. त्यामुळे तारा मिळालेली जागा म्हणजे दहा उंच स्टुलांचा अरुंद काउंटरही असू शकतो, जिथे ऐंशी वर्षांच्या आजींना बसवताच येणार नाही. दोघांनीच जायचं असेल तर तारे बघा. घरचे सगळे असतील तर आधी खुर्ची, जिने, स्वच्छतागृहापर्यंतचं अंतर आणि आवाज बघा.

टेबल कुठलं हवं तेही सांगा. किचनच्या दाराजवळचं, स्वच्छतागृहाच्या वाटेवरचं आणि एसीच्या झोताखालचं नको. एसीखाली माणसांना थंडी वाजते ती वाजतेच, गरम प्लेटही दोन मिनिटांत गार होते. दोघांसाठी समोरासमोर बसण्यापेक्षा कोपऱ्याला काटकोनात बसलेलं चांगलं, आवाज चढवावा लागत नाही. सहाजणांपर्यंत गोल टेबल. आठच्या वर लांब टेबल आलं की गप्पांचे दोन तुकडे होतात, म्हणून ज्यांचा प्रसंग आहे त्यांना टोकाला न बसवता मधोमध बसवा. कमी ऐकू येणारं कोणी असेल तर त्यांची पाठ भिंतीकडे ठेवा. मागून येणारा गोंगाट थांबतो आणि बोलणाऱ्यांचे चेहरे, ओठ त्यांना नीट दिसतात. या एका बदलाने वयस्कर माणूस जेवणभर गप्पांत राहतो. टेबल बघायला जाल तेव्हा भिंतीकडची खुर्ची कुठली तेवढं आठवणीने बघून या.

आता खाण्यापिण्याचं पथ्य. इथे सगळ्यात जास्त गफलती होतात, कारण ‘आवडत नाही’, ‘खात नाही’ आणि ‘खाल्लं तर दवाखान्यात न्यावं लागेल’ या तिन्ही गोष्टी लोक एकाच सुरात सांगतात. किचनसाठी त्या तीन वेगळ्या आज्ञा आहेत. ॲलर्जी म्हटलं की पाट, सुरी, तवा, तळणीचं तेल सगळं वेगळं घ्यावं लागतं. म्हणून वांगं आवडत नसेल तर आवडत नाही एवढंच सांगा. खरी ॲलर्जी असेल तर पदार्थाचं नाव आणि ‘एक कणही चालणार नाही’ असं स्पष्ट सांगा, लेखी कळवा आणि ऑर्डर देताना वेटरला पुन्हा सांगा. युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणं डिसेंबर २०१४ पासून बंधनकारक आहे. शेंगदाणे, तीळ, मोहरी, सेलरी, अंडं, दूध अशी ती यादी फोन करण्याआधी डोळ्यांखालून घातली तर विसरलेलं काही आठवतं.

शाकाहारी मंडळींनी फक्त ‘शाकाहारी’ म्हणून थांबू नये. मूस आणि पन्ना कोटा या गोड पदार्थांत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ, असू शकतं. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध गोठवायला घालतात त्या त्याच्या पोटातल्या पाचकाशिवाय, बनतच नाही. भाज्यांचं सूप हाडांच्या स्टॉकवर केलेलं असू शकतं आणि सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा असतो. ‘जिलेटिन, रेनेट, स्टॉक, माशाचा सॉस नको’ असं चार शब्दांत सांगितलं की शेफला नेमकं कळतं. गरोदर बाई टेबलावर असेल तर कच्चा मासा, कच्चं मांस, अर्धकच्चं अंडं आणि न तापवलेल्या दुधाचं चीज बदलून मागा. ही बातमी अजून घरच्यांना सांगायची नसेल तर तेही मॅनेजरला सांगून ठेवता येतं. वाईनच्या ग्लासात रंग जुळणारा रस गुपचूप येतो.

हे सगळं आधी सांगायचं कारण किचनच्या रचनेत आहे. एकामागून एक कोर्स आणायची पद्धत, जिला रशियन सर्व्हिस म्हणतात, एकोणिसाव्या शतकात युरोपात रुळली. त्याआधी अनेक पदार्थ एकदम टेबलावर मांडत. पुढे ऑग्युस्त एस्कोफिए (१८४६–१९३५) यांनी किचनची कामं सॉस, भाजणं, थंड पदार्थ, गोड अशा विभागांत वाटून दिली. आजही तुमच्या सहा प्लेटा तीन-चार वेगळ्या हातांखालून जातात आणि एकाच मिनिटाला पासवर, म्हणजे जिथून प्लेटा बाहेर पडतात त्या ओट्यावर, याव्या लागतात. सॉस सकाळीच आटवून ठेवलेला असतो. रात्री नऊला ‘यात लोणी नको’ म्हटलं तर तो पदार्थ बदलता येत नाही, फक्त वगळता येतो. बहुतेक ठिकाणी टेस्टिंग मेनू अख्ख्या टेबलाने घ्यावा असा नियम असतो तोही याचमुळे. एकजण चार कोर्स आणि दुसरा आठ कोर्स जेवत असेल तर मधल्या वेळी कोणाच्या ना कोणाच्या पुढ्यात काहीच नसतं. लहान मुलं किंवा लवकर थकणारी माणसं बरोबर असतील तर टेस्टिंग मेनूच्या फंदात पडू नका. आ ला कार्टमधून, म्हणजे मेनूतले पदार्थ एकेक निवडून, तीन कोर्स मागवा, तेही जेवण प्रसंगाला साजेसंच होतं.

भाषणाचं एक सांगतो, कारण याकडे कोणाचंच लक्ष नसतं. प्लेटा टेबलावर ठेवल्या, वेटरने छोट्या जगमधून सॉस ओतला, आणि नेमके तेव्हा काका ग्लास हातात घेऊन उभे राहिले. त्या क्षणी प्लेटकडे बघा. सॉसची चकाकी जाऊन वर पातळ साय धरते, फेस बसतो, माशाची कुरकुरीत कातडी खालच्या ओलाव्याने मऊ पडते. गोड पदार्थ असेल तर आइस्क्रीमचा गोळा घसरून एका बाजूला तळं होतं. चार मिनिटांच्या भाषणात किचनची दिवसभराची मेहनत जाते. दोन शब्द बोलायचे असतील तर ऑर्डर दिल्यानंतर आणि पहिली प्लेट येण्याआधी बोला, किंवा मुख्य कोर्सच्या प्लेटा उचलल्यावर. वेटरला आधी सांगून ठेवलं तर तो किचनला थांबवतो. फोटोंचंही तसंच. फ्लॅश बंद ठेवून दोन फोटो काढा आणि खायला लागा.

वाईन घेणार असाल तर थोडं गणित करा. ७५० मिलिची बाटली, १५० मिलिचा ग्लास, म्हणजे पाच ग्लास. सहाजणांच्या टोस्टला, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा द्यायला, एक बाटली अर्ध्या ग्लासाच्या हिशेबाने पुरते. पेअरिंग, म्हणजे प्रत्येक कोर्सला जुळणारी वेगळी वाईन घेतली आणि सात कोर्सना ७५ मिलि ओतली, तर एका माणसाच्या पोटात ५२५ मिलि, म्हणजे बाटलीच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त वाईन जाते. ते झेपणार नसेल तर अर्धं पेअरिंग मागा, बरेच ठिकाणी देतात. दारू न पिणाऱ्यांसाठी रस, चहा, आंबवलेली पेयं यांचं पेअरिंग असतं, पण ते आधी सांगावं लागतं. सोमेलिएला, म्हणजे वाईन सुचवून वाढणाऱ्याला, बजेट सांगायला संकोच वाटत असेल तर यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवून ‘या सुमाराचं काहीतरी’ म्हणा. तो समजतो, आणि पाहुण्यांना आकडा कळत नाही.

पहिला घोट ओतून तो तुमच्याकडे बघतो तेव्हा आवडली का असं विचारत नसतो. वाईन बिघडलेली नाही ना, एवढंच त्याला हवं असतं. टीसीए नावाच्या संयुगामुळे बुचाची वाईन कधी कधी ओल्या पुठ्ठ्यासारखी वास मारते. तसा वास आला तर निःसंकोच परत करा, बाटली बदलून मिळते. नाही आला तर मान हलवा, झालं. घरची बाटली न्यायची असेल तर कॉर्केज, म्हणजे ती उघडून वाढण्याचे पैसे, किती ते विचारा आणि ती दुपारीच पोचवा. शॅम्पेन ८ ते १० अंशांवर हवी. ऐनवेळी थंड करायची झाली तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घालायला सांगा. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि बाटली थंड व्हायला बराच जास्त वेळ लागतो.

लग्नाची मागणी घालणार असाल तर अंगठी शॅम्पेनच्या ग्लासात किंवा केकच्या आत लपवू नका. ती गिळली जाते, दात तुटतो, किंवा उष्ट्या प्लेटबरोबर थेट कचऱ्यात जाते. अंगठी डबीतच ठेवा. डबी मॅनेजरच्या हातात द्या, वेटरच्या नको, आणि मुख्य कोर्सच्या प्लेटा उचलून टेबल पुसून झाल्यावर घुमटासारख्या झाकणाखाली रिकाम्या प्लेटवर आणायला सांगा. खूण ठरवा, उदाहरणार्थ तुम्ही नॅपकिन टेबलावर ठेवला की. धीर होत नसेल तर ती खूण करायची नाही, प्लेट येणार नाही.

केक बाहेरून आणणार असाल तर विचारून घ्या. कापून वाढण्याचे पैसे लावतात, आणि फ्रिजमध्ये खोक्याएवढी जागा असेलच असं नाही, म्हणून खोक्याची लांबी-रुंदी कळवा. प्लेटवर चॉकलेटने नाव लिहून हवं असेल तर ते मेसेजने पाठवा. फोनवर ऐकून लिहिलेल्या नावात हमखास चूक होते. ठिणग्या उडवणाऱ्या फुलबाज्या बंद हॉलमध्ये लावू नका. धुराने अलार्म वाजतो आणि सगळा हॉल रिकामा करावा लागू शकतो.

काट्या-चमच्यांचं फार मनावर घेऊ नका. बाहेरून आत वापरत जायचं, ब्रेडची प्लेट डावीकडची आपली, ग्लास उजवीकडचा, मध्येच उठलात तर नॅपकिन खुर्चीवर. दुपारी हलकं जेवा, पण उपाशी जाऊ नका. उपाशी माणूस पहिल्या वीस मिनिटांत ब्रेडवरच पोट भरतो. उग्र अत्तर घरी ठेवा, शेजारच्या टेबलालाही जेवणाचा वास हवा असतो. एखादा पदार्थ चुकलेला वाटला तर पहिल्या दोन घासांतच हळू आवाजात सांगा. रिकामी प्लेट दाखवून केलेल्या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही.

बिल टेबलावर येऊ देऊ नका. आल्या आल्या मॅनेजरकडे कार्ड द्या आणि निघताना काउंटरवर सही करेन म्हणून सांगा. सही करण्याआधी दोन ओळी वाचा: सर्व्हिस चार्ज धरलाय का, आणि पाण्याच्या बाटल्या किती लागल्यात. सर्व्हिस चार्ज धरला असेल तर वर टिप देणं तुमच्या खुशीवर आहे. मग त्या दिवसाच्या मेनूची छापील प्रत मागून घ्या. टेस्टिंग मेनू ऋतूप्रमाणे बदलत राहतो, हाच मेनू पुन्हा मिळेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी शेफ त्यावर सही करून देतात. कोट घालायच्या आधी तिच्या मागे तारीख आणि टेबलावरच्या सगळ्यांची नावं लिहून टाका, आणि ज्यांचा प्रसंग होता त्यांच्या हातात द्या.