कांदा परतणे, फ्रेंचमध्ये: ल्योंमधला माझा अनुभव

सीएपी क्विझीन हा फ्रान्समधला स्वयंपाकाचा पायाभूत सरकारी डिप्लोमा. ल्योंमध्ये प्रौढांसाठीच्या एका केंद्रातून मी तो एका वर्षात केला. प्रवेश, गणवेश, सुऱ्यांचा संच हे सगळं भराभर पार पडलं. अडलं ते शब्दांपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

माझं फ्रेंच बी-टूपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार सहज जमण्याइतक्या पातळीपर्यंत, झालं होतं. कचेरीत, डॉक्टरकडे, बाजारात कुठेच अडत नव्हतं. पण पहिल्याच दिवशी शेफ म्हणाले, "फे रव्हनीर लेझोन्याँ." रव्हनीर म्हणजे परत येणे. कांदे कुठून परत आणायचे? सोतवार, म्हणजे बसकं पॅन, हातात धरून मी तशीच उभी.

पारिभाषिक शब्दांची यादी सुरुवातीलाच वाटली होती. मी तीन आठवडे उशिरा दाखल झालेली, त्यामुळे ती हुकली. कार्यालयात मागितली तर शिक्षकांकडे जा म्हणाले; शिक्षक म्हणाले, छापील प्रती कार्यालयात असतात. खिडकी दहा ते बारा उघडी, आणि त्या वेळी आमचा प्रात्यक्षिकाचा वर्ग. ईमेल पाठवली. आठवड्याने उत्तर आलं, "तुमची विनंती नोंदवली आहे." पुन्हा पाठवली, पुन्हा तेच उत्तर. सहा आठवडे गेले. शेवटी वर्गातून सुट्टी मागून, एप्रन न काढताच मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, तेव्हा ती मिळाली. चार पानं! झेरॉक्सला दोन मिनिटं लागली नसती.

त्या सहा आठवड्यांत काय झालं, ते सांगते. सीझले सांगितलं असताना मी एमाँसे केलं. एमाँसे म्हणजे पातळ काप. सीझले म्हणजे अर्ध्या कांद्याला मुळाकडची बाजू न सोडवता आधी उभे, मग आडवे छेद द्यायचे, आणि शेवटी कापत जायचं. बारीक, एकसारखे चौकोन पडतात. माझे लांब काप बघून शेफनी अख्खा ट्रे बाजूला ठेवला. बरोबरच होतं त्यांचं. शासर म्हणजे मशरूम आणि वाइनचा सॉस; त्यात शालोट, म्हणजे छोटे, सौम्य कांदे, विरघळल्यासारखे व्हावे लागतात, लांब काप जिभेला लागतात. फ्रेंच स्वयंपाकात शब्दच माप सांगतो, वेळही सांगतो. ब्र्युनुआझ म्हटलं की दोन-तीन मिलिमीटरचे चौकोन, त्यात चर्चा नाही.

ब्लाँशीरने मला सगळ्यात जास्त छळलं. फरसबी ब्लाँशीर करायची तर उकळत्या खारट पाण्यात टाकायची. हाडं करायची तर थंड पाण्यात घालून उकळी आणायची. आणि अंड्याचे बलक करायचे तर साखर घालून फिके होईपर्यंत फेटायचे, तिथे पाणीच नाही. शब्दकोशात "पांढरं करणे" एवढंच होतं.

म्हणून वही केली. उजवीकडे फ्रेंच, डावीकडे मराठी. एका रात्री आईला फोनवर भाजीचं विचारलं, ती म्हणाली, "कांदा नीट परतून घे गं." मी तिथेच थांबले. रव्हनीर, परतणे! तोच शब्द, तोच अर्थ, दोन्ही भाषांत. स्युए म्हणजे घाम येणे: झाकण ठेवून, मंद आचेवर, रंग न येऊ देता. परतताना मात्र रंग यायला हवा. इतकी वर्षं मी हे करत होते, फक्त नाव माहीत नव्हतं.

तुम्हीही हा डिप्लोमा करणार असाल, तर फी भरायच्या आधीच यादी मागा. सुऱ्यांवर स्वतःची खूण करा, वर्गात सगळ्यांच्या सारख्याच असतात. आणि फाँ, म्हणजे हाडांचा अर्क, घरी एकदा तरी करून बघा. वासराची हाडं भाजून तासन्‌तास मंद उकळली की सॉसची जाडी आणि चव कुठून येते ते कळतं.

जूनमध्ये परीक्षेत पूले सोते शासर, म्हणजे शासर सॉसमधलं चिकन, आलं. कागदावर सीझले, स्युए, मुइये (द्रव घालणे), रेझर्व्हे (बाजूला काढून ठेवणे). एकही शब्द मी दुसऱ्यांदा वाचला नाही. सॉस चमच्याला लागून राहिला, चमच्याच्या पाठीवरून बोट फिरवलं तर रेघ तशीच होती.