71 पैकी 71

वर्षअखेरच्या आढाव्यात ग्रामपंचायतीने शंभर टक्के लिहिलं असेल, तर आम्ही पहिल्यांदा छेद विचारतो. किती मुलांचं वजन घेतलं, किती घरांना नळ दिले, हा अंश सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण कितीपैकी, असं विचारलं की वह्या शोधायला लागतात. एप्रिलमधल्या एका आढाव्यात हा प्रश्न सकाळी अकराच्या सुमारास निघाला आणि अख्खा दिवस त्यातच गेला.

टेबलावर पंचायत विकास निर्देशांकाची, म्हणजे गावाची प्रगती गुणांत मोजणाऱ्या सरकारी निर्देशांकाची, माहिती होती. गरिबीमुक्त गावापासून महिलास्नेही गावापर्यंत 9 संकल्पना, 2022-23 च्या पहिल्या मोजणीत त्यांखाली 435 निर्देशक आणि 566 माहिती बिंदू होते. एवढं सगळं एका बैठकीत तपासता येत नाही, आणि तपासल्याचा देखावाही करू नये. म्हणून दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेल्या नोंदी आम्ही आधी काढतो आणि शेजारी ठेवतो. आकडे जुळले तर पुढे जायचं, नाही जुळले तर तिथेच बसायचं. मात्र वह्या काय मोजतात हे आधी कळायला हवं. नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, मिळकती मोजतो, कुटुंबं नव्हे. एका घरात तीन चुली असतील तर कर आकारणीत एकच ओळ दिसते, आशाताईंच्या वहीत तीन. नळजोडण्यांची टक्केवारी मिळकतींवर काढली की दोन चुली पाण्याशिवाय राहूनही हिशेब पूर्ण भरतो.

पाण्याचा विषय लवकर उरकला, पण एक चूक दाखवावी लागली. जलसुरक्षक भाऊ ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून पाहायची चाचणी, नियमित करत होते, नोंदीही नीटनेटक्या होत्या. नमुना मात्र टाकीजवळच्या पहिल्या नळाचा. शेवटच्या नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरला पाहिजे. टाकीपाशी तो असणारच. शिवाय ते रंग निवांत बघत होते. मोकळ्या क्लोरीनसाठी पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा असतो. जास्त वेळ थांबलं की संयुक्त क्लोरीनही रंग देतो आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटतं. टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीन पावडरीची, पिशवी उघडी होती, तीही त्यांनी तिथल्या तिथे झाकणाच्या डब्यात रिकामी केली. चांगल्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, पण ओल आणि हवा लागली की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो.

मग बालस्नेही गाव. सहा वर्षांखालील मुलं 71, वजन घेतलेली 71. अंगणवाडीताईंची वही स्वच्छ, पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी ॲपवरही तोच आकडा. आशाताईंनी आपली कुटुंब नोंदवही उघडली, बोटाने ओळी मोजल्या आणि म्हणाल्या, “माझ्याकडं चौऱ्याऐंशी येतात.”

तेरा मुलांचा फरक. नावं एकेक करून वाचली तेव्हा तिढा सुटत गेला. आठ मुलं ऑक्टोबरअखेरीस आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली. तीन आईच्या माहेरी जन्मलेली. तिथे नोंद झाली आणि इकडे आल्यावर कुणी केली नाही. उरलेली दोन शिवारातल्या वीटभट्टीवरच्या कुटुंबांतली. आशाताई तिथे लसीकरणासाठी जात असल्याने त्यांच्या वहीत ती होती, बाकी कुठेच नव्हती.

यात अंगणवाडीताईंनी लपवलं असं काही नव्हतं. टोळी गेल्यावर पुढच्या महिन्याच्या यादीत गैरहजर मुलं दिसू लागली, वजनाचं काम अपुरं दिसायला लागलं, म्हणून ती नावं यादीतून काढली गेली. इथेच छेद आक्रसला. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून मूल दुसऱ्या अंगणवाडीकडे देता येतं. नाव काढून टाकणं ही त्याहून फार वेगळी गोष्ट आहे. स्थलांतर नोंदवलं तर मूल कुठेतरी दिसत राहतं आणि तिकडच्या ताईंना शोधता येतं. नाव काढलं की सहा महिने ते मूल कुणाचंच नसतं. अडचण खरी आहे: टोळी एका फडावर टिकत नाही, कोपी, म्हणजे राहायची झोपडी, कुठल्या अंगणवाडीच्या हद्दीत पडली हे कुटुंबालाही ठाऊक नसतं. म्हणून निघण्याआधीच मुकादमाचा क्रमांक आणि कारखान्याचं नाव लिहून घेणं गरजेचं आहे. टोळी हलल्यावर ते मिळत नाही.

सरपंचताईंचा प्रश्न रास्त होता. “मुलं गावात नव्हतीच, तर वजन आम्ही कुठून घ्यायचं? आणि 71 भागिले 84 लिहिलं तर साडेचौऱ्याऐंशी टक्के होतात. आमची श्रेणी खाली येईल.”

श्रेणीची भीती प्रत्येक गावात निघते, म्हणून देशाचं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. 2022-23 च्या आधाररेषेत, म्हणजे त्या पहिल्या मोजणीत, 2,16,285 ग्रामपंचायतींचे गुण निघाले. 90 च्या वरच्या सर्वोच्च श्रेणीत एकही नव्हती. 75 ते 90 मध्ये 699, आणि सर्वांत जास्त, 1,32,392, या 40 ते 60 गुणांमध्ये. खरा आकडा लिहून खाली आलेलं गाव एकटं पडत नाही. खोटा छेद लिहिलेल्या गावाला मात्र पुढच्या आराखड्यात या तेरा मुलांसाठी काही मागताच येत नाही, कारण कागदावर ती नाहीतच.

आठांपैकी तीन मुलं टोळीबरोबर आदल्या आठवड्यात परतली होती. दुपारी वजनकाटा आणि दंडघेर पट्टी घेऊन सगळेच वस्तीवर गेलो. काटा सपाट फरशीवर ठेवून शून्य तपासला. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून लांबी मोजतात, त्यावरचं उभं करून उंची. मोठं मूल उभं राहीना म्हणून आडवं मोजलं तर 0.7 सेंटिमीटर वजा करायचे. डोकं धरायला एक आणि पाय सरळ करायला एक, अशी दोन माणसं लागतातच. एकटीने मोजलं की गुडघा वाकतो, लांबी कमी भरते आणि बारीक मूलही चांगल्या वजनाचं दिसतं.

सुमारे चौदा महिन्यांच्या एका मुलीचा दंडघेर 12.1 सेंटिमीटर भरला. 11.5 च्या खाली तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम. पट्टी पुन्हा लावली, तेच आलं. दोन्ही पायांवर अंगठ्याने दाबून सूज पाहिली, नव्हती. आई म्हणाली, “तिकडं कुणी मोजलं नाही, ताई. पहाटं फडावर जायचं, पोरगी थोरलीकडं ठेवायची.” आशाताईंनी दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविकेकडे नेण्याचं तिथेच ठरवलं. थोरली सात वर्षांची. तिची शाळेतली हजेरी काय लिहिली आहे हे मुख्याध्यापकांनी स्वतःहून पाहायला घेतलं.

ही मोजणी एप्रिलमधली, म्हणजे नव्या वर्षाची. सरलेल्या वर्षाचा आकडा तिने बदलत नाही. संध्याकाळी तक्त्यात 84 पैकी 71 असं दुरुस्त झालं आणि पुढच्या वर्षासाठी एका रकान्याचे तीन झाले: गावात मोजलेली, बाहेरगावी मोजल्याची खात्री झालेली, माग न लागलेली. तिन्हींची बेरीज आशाताईंच्या वहीशी दर तिमाहीला जुळवायची. स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा 10 टक्के हिस्सा दरवर्षी साहित्य खरेदीत जात होता. त्यातून परतीच्या महिन्यात वस्तीवर मोजणीचे तीन दिवस आणि लांबी मोजायची नवी फळी असा प्रस्ताव ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामसभेसाठी लिहिला. त्याआधीच्या महिला सभेत संख्याच सांगायच्या, मुलांची नावं मोठ्याने वाचायची नाहीत, हेही ठरलं.

उरलेल्या दहा नावांपुढे कोण शोधणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून झाल्यावरच तक्त्यावर सह्या झाल्या. वीटभट्टीवरची दोन नावं अंगणवाडीताईंनी आपल्या वहीत पहिल्यांदा लिहिली, 72 आणि 73 क्रमांकाला.