स्प्लॅश माउंटनचा ससा आणि गॅदरिंगमधली काजळी

डिस्नेच्या कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा येथील उद्यानांमधून ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातली सफर हटवण्यात आली त्याला आता बराच काळ लोटला, तरी तिच्यावरचा वाद शमलेला नाही. आमच्या घरात तर ऑरलँडोजवळ राहणाऱ्या भाच्याचा फोन आला की तो नव्याने पेटतो. त्याचे म्हणणे असे, की “मावशी, त्या सफरीत ससा, कोल्हा आणि अस्वल यांच्याशिवाय महत्त्वाचं कोणी नव्हतंच. मग अपमान झाला तरी कुणाचा?”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. ही सफर कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९८९ साली आणि फ्लोरिडा व टोकियो येथे १९९२ साली सुरू झाली. ओंडक्याच्या आकाराच्या होडीतून गाणी गाणाऱ्या प्राण्यांच्या मधून फिरायचे आणि शेवटी सुमारे ५० फुटांवरून खाली पाण्यात झेपावायचे, एवढेच तिचे स्वरूप होते. मात्र ते प्राणी आले होते १९४६ सालच्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातून. जॉर्जियातील मळ्यावर राहणारा अंकल रीमस हा म्हातारा कृष्णवर्णीय गडी मालकाच्या घरातील गोऱ्या मुलाला सशाच्या गोष्टी सांगतो, आणि त्या मळ्यावर दुःखाचा, सक्तीचा, वेठीचा मागमूसही दिसत नाही. मालक आणि मजूर यांचे नाते इतके गोड रंगवल्याबद्दल ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हाच आक्षेप घेतला होता. तेव्हा ही सगळी आजकालच्या हळव्या पिढीची कुरकुर आहे, असे जे सांगितले जाते त्यात तथ्य नाही. अंकल रीमसची भूमिका करणारे जेम्स बॅस्केट वर्णभेदामुळे अटलांटामधील पहिल्या खेळाला जाऊ शकले नाहीत. त्याच भूमिकेसाठी त्यांना १९४८ साली मानद ऑस्कर मात्र देण्यात आले. मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो तो हा तपशील.

कंपनीची वागणूकही पाहण्यासारखी आहे. हा चित्रपट तिने अमेरिकेत घरी पाहण्यासाठी कधीच विक्रीला आणला नाही आणि पुढे आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरही ठेवला नाही. पण त्यातील प्राणी आणि गाणे यांच्या जोरावर तिकिटे मात्र तीन दशके विकली. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसांच्या हातून हत्या झाल्यानंतर अमेरिका ढवळून निघालेली असताना, जून २०२० मध्ये सफर बदलण्याची घोषणा झाली, आणि या कामाचा विचार आदल्या वर्षापासूनच चालू होता असेही सांगण्यात आले. २०२३ मध्ये अमेरिकेतील दोन्ही सफरी बंद झाल्या. २०२४ मध्ये त्याच पाण्यावर टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची सफर सुरू झाली. टोकियोतली जुनी सफर अजून चालू आहे.

माझे मत भाच्याला पटत नाही, तरी मांडते. संग्रहालयात एखादी आक्षेपार्ह वस्तू ठेवता येते, कारण तिच्याशेजारी माहितीची पाटी लावता येते, पाहणारा थांबतो, वाचतो, प्रश्न विचारतो. आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, शाळेची सहल नेली, की मुले पाट्या वाचत नाहीत हे मान्य. निदान शिक्षकाला बोलायला जागा तरी असते. मनोरंजन उद्यानात ती जागाच नसते. तिथे पाच वर्षांचे मूल हसायला आलेले असते, आणि जे दिसते ते आनंदाचा भाग म्हणून थेट आत झिरपते. म्हणूनच ‘जंगल क्रूझ’ या १९५५ पासूनच्या सफरीतला मुंडकी विकणारा रानटी माणूस आणि खालून गेंडा ढुशा देत असताना खांबाच्या सर्वांत वर चढून बसलेला गोरा प्रवासी व त्याच्या खाली लोंबकळणारे काळे हमाल, ही दृश्ये २०२१ मध्ये बदलली गेली ते योग्यच झाले. त्यावर चर्चा करण्यासारखे फारसे काही मला दिसत नाही.

सशाबद्दल मात्र मी तितकी निश्चिंत नाही. या गोष्टी १८८० च्या सुमारास जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने पुस्तकरूपात आणल्या, पण त्या मूळच्या गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या माणसांच्या होत्या. दुबळा ससा बलवान कोल्ह्याला आणि अस्वलाला कसा चकवतो, हे त्यांनी एकमेकांना सांगितले, त्यात मालकाला न कळणारा अर्थ भरला. डांबराच्या बाहुलीला ससा चिकटतो ती प्रसिद्ध गोष्ट तर आपल्याला परकी वाटूच नये: पंचावुध जातक या बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेतला राजपुत्र चिकट केसांच्या राक्षसाला हातापायांनी आणि डोक्याने असाच चिकटून बसतो, आणि या साम्यावरून काही लोककथा-अभ्यासकांनी गोष्टीचे मूळ भारतात असल्याचे मांडले होते, जरी ते सर्वांना मान्य झाले नाही. दीक्षाभूमीच्या शहरात जातके वाचणाऱ्यांची वाण नाही; त्यांनी ती गोष्ट काढून पाहावी. सफरीतून अंकल रीमस आधीच वगळलेला होता, डांबराच्या बाहुलीच्या जागी मध ठेवलेला होता. म्हणजे खोटी चौकट काढून उरल्या होत्या त्या पीडितांच्याच गोष्टी, आणि शेवटी गेल्या त्याही. सफर बदलण्याला माझा विरोध नाही. पण चित्रपट कुलुपात आणि गोष्टी अडगळीत, हा हिशेब मला पटत नाही. चित्रपट अभ्यासकांना, प्रौढांना प्रस्तावनेसह पाहता यावा. आपले जुने पाप लपवून ठेवणे आणि ते सुधारणे यांत फरक आहे.

“आमच्या लहानपणीचा आनंद हिरावला” या तक्रारीवर तर नागपूरकराने हसावे. पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे पुतळे, आपण दर वर्षी नवे करतो, दर वर्षी जाळतो, आणि मागच्या वर्षीचा बडग्या परत द्या म्हणून कोणी उपोषणाला बसत नाही.

हसून झाल्यावर आपल्या गॅदरिंगकडे वळावे लागते. शहरातील कितीतरी शाळांत अजूनही ‘आदिवासी नृत्य’ म्हणून मुलांच्या अंगाला काजळी फासतात, कमरेला पाने बांधतात, हातात पुठ्ठ्याचे भाले देतात आणि हिंदी चित्रपटातल्या निरर्थक हुंकारांवर त्यांना उड्या मारायला लावतात. पालक मोबाइल उंच धरून चित्रण करतात. हे घडते ते बख्त बुलंद शाह या गोंड राजाने बारा वाड्या एकत्र करून वसवलेल्या शहरात, जिथल्या महालात गोंड राजांचा किल्ला आहे आणि जिथल्या वर्गांत गडचिरोलीहून, चंद्रपूरहून आलेली गोंड, माडिया मुले बसतात. त्यांपैकी एखाद्या मुलीलाच त्या नाचात पहिल्या रांगेत उभे केले जाते, “तुला जमेल” म्हणून. अंकल रीमसला निदान स्वतःच्या गोष्टी तरी सांगू दिल्या होत्या.

आमच्या शाळेच्या सांस्कृतिक समितीपुढे मी हे मांडले तेव्हा, मुलांना मजा येते आणि कोणी तक्रार केलेली नाही, अशी उत्तरे मिळाली. पुढच्या बैठकीत माझा प्रस्ताव लेखी असेल: रेला किंवा ढेमसा ही आदिवासी नृत्ये ज्यांच्या घरात नाचली जातात त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे, पोशाख त्यांनी सांगितलेलाच असावा, आणि ते शक्य नसेल तर हा नाच कार्यक्रमपत्रिकेतून वगळावा.