एल कॅपिटनवरचा किरणोत्सव

योसेमिटीला फायरफॉल बघायला गेलो होतो हे कळल्यापासून ओळखीतला जो तो एकच विचारतो, "मग, दिसला का?" हो म्हणावं तर पुढची मागणी फोटोची असते, आणि माझ्या फोटोत त्यांना हवा असलेला धबधबा नाही. नाही म्हणावं तर ते धादांत खोटं ठरेल. म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या दरीत एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा कडा आहे, दरीच्या तळापासून सुमारे ३,००० फूट सरळ उभा. त्याच्या पूर्वेकडच्या अंगाला हॉर्सटेल फॉल नावाचा एक किरकोळ धबधबा आहे. उंचीने किरकोळ नव्हे, तो हजार फुटांहून जास्त खोल कोसळतो. पण माथ्यावर जेवढं बर्फ वितळेल तेवढंच त्याचं पाणी, आणि तो वाहतो साधारण डिसेंबर ते एप्रिल. मोठमोठ्या धबधब्यांच्या या दरीत एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. मात्र फेब्रुवारीच्या मध्यापासून महिना संपेपर्यंत मावळता सूर्य अशा जागी येतो की बाकीची दरी सावलीत बुडालेली असताना पश्चिमेकडून येणारं शेवटचं ऊन नेमकं या धबधब्यावर पडतं. पाणी पेटल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला फायरफॉल म्हणतात. दहाएक मिनिटं, की संपलं. ॲन्सेल ॲडम्स या नामवंत छायाचित्रकारानेही हा धबधबा टिपला होता, पण कृष्णधवल. गेलन रॉवेल या छायाचित्रकाराने १९७३ मध्ये त्याचा रंगीत फोटो काढला, आणि मग हळूहळू सगळं जग तोच फोटो काढायला यायला लागलं.

तोच फोटो. हे दोन शब्द लक्षात ठेवा, माझी सगळी तक्रार त्यांच्याशीच आहे.

माझ्या सासूबाई (मी त्यांना आई म्हणते) कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत आणि थंडीमुळे घरात बसून कंटाळल्या होत्या. शनिवार-रविवारची गर्दी टाळायची म्हणून आठवड्याच्या मधले दिवस धरून निघालो. मर्सेडच्या आसपास बदामाच्या बागा फुलल्या होत्या, मैलोन् मैल पांढऱ्या-गुलाबी. तिथे थांबायला हवं होतं असं आई अजूनही म्हणतात. त्यानंतर मारिपोसा, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या कडेकडेने दरीत. गाडीत चाकांच्या साखळ्या होत्या, कारण हिवाळ्यात त्या जवळ ठेवाव्याच लागतात. रस्ता मात्र कोरडा ठणठणीत होता. तो कोरडेपणा बघूनच माझ्या पोटात गोळा आला. फेब्रुवारीच्या विशीत रस्त्याकडेला जेमतेम मळकट बर्फाचे तुकडे म्हणजे कड्याच्या माथ्यावरही फारसं काही नसणार. कुरणांतलं गवत पिवळं पडून आडवं झालेलं, ओक निष्पर्ण, देवदार-पाईन तेवढे हिरवे. संध्याकाळच्या उन्हाचे फोटो काढायला मला ऐन हिवाळ्यापेक्षा हे दिवस जास्त आवडतात. सगळीकडे बर्फ असलं की उजेड चहूबाजूंनी उसळून येतो आणि सावल्या फिक्या पडतात. बर्फ ओसरल्यावर जमिनीचे करडे-तपकिरी रंग उघडे पडतात, आणि तिरपं ऊन त्यांच्यावर आलं की दगड-गवत-खोड प्रत्येकाला आपापली सावली मिळते.

बघण्याच्या जागेजवळ गाडी उभी करू देत नाहीत. योसेमिटी फॉल्सच्या वाहनतळावर ती ठेवायची आणि दीड मैल चालायचं. आई चालल्या, न कुरकुरता. पोचलो तेव्हा अडीच वाजत होते आणि झाडांमधल्या मोकळ्या जागेत ट्रायपॉडचं रान माजलं होतं. काही लोक सकाळपासून जागा धरून होते. तात्पुरत्या स्वच्छतागृहांसमोर लांबलचक रांग, कुणाच्या तरी पाठपिशवीतल्या स्पीकरवर ठणाणा गाणी, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी आपल्या पुढ्यात येऊन उभं राहणार. गर्दीचं मला वावडं नाही, पण निसर्ग बघायला येऊन गाणी लावणारी माणसं मला कधीच समजणार नाहीत.

या गर्दीत एक चांगुलपणाही भेटला. पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते. आईंना उभं बघून त्यांनी आपली घडीची खुर्ची दिली, स्वतःचा ट्रायपॉड हातभर सरकवला आणि मला शेजारी जागा करून दिली. थंडीत तीन तास ते उभे राहिले आणि आई खुर्चीत. आमच्या थर्मासमधला चहा त्यांनी दोनदा मागून घेतला, त्यामुळे मनाला जरा बरं वाटलं.

त्यांच्याकडूनच मूळ फायरफॉलची गोष्ट पुन्हा ऐकली. आता ज्याला फायरफॉल म्हणतात त्याच्या आधी इथे खरोखरच आगीचा धबधबा असायचा. दरीपलीकडच्या ग्लेशियर पॉइंटवर, ३,००० फुटांहून उंच, रात्री मोठी शेकोटी पेटवायची आणि धगधगते निखारे कड्यावरून खाली लोटायचे. १८७२ च्या सुमारास जेम्स मॅकॉली या माणसाने हे सुरू केलं आणि मधले खंड धरून १९६८ पर्यंत चाललं. शेवटी उद्यानानेच बंद केलं: हा खेळ नैसर्गिक नाही, आणि तो बघायला येणारी गर्दी कुरणं तुडवते. आताची गर्दीही तेच करते. २०१९ मध्ये लोक मर्सेड नदीच्या काठावर इतके पसरले की काठ ढासळायला लागले, म्हणून आता या दिवसांत दक्षिणेकडच्या रस्त्यालगतच्या त्या पट्ट्यात पायी जाता येत नाही. मला हा नियम पूर्ण मान्य आहे. माझ्या फोटोसाठी नदीचा काठ खचावा इतका तो मोलाचा नाही.

साडेचारच्या सुमारास दुर्बिणीतून बघितलं. धबधब्याच्या जागी खडकावर ओलीचा एक काळपट ओघळ होता. पाणी असलंच तर बोटभर. वर बर्फ कमी आणि त्या दिवशी गारठा इतका, की होतं तेही वितळत नव्हतं. बातमी गर्दीत पसरली आणि माझ्या मागचे चार-पाच जण तेव्हाच निघून गेले. पश्चिमेचं आकाश मात्र स्वच्छ होतं. क्षितिजावर ढगाची एक पट्टी जरी असती तरी खेळ खलास झाला असता, पण पट्टी नव्हती.

पाचनंतर कड्याचा रंग बदलू लागला. आधी नुसता पिवळसर. मग दरीच्या तळाकडची सावली वर चढायला लागली आणि उजेडाचा पट्टा आवळत गेला. सूर्य जितका खाली, तितका त्याच्या उजेडाला हवेचा थर जास्त ओलांडावा लागतो. वाटेत निळा रंग विखरून जातो आणि आपल्यापर्यंत तांबडा-नारिंगी तेवढा पोचतो. हे मी शाळेत शिकले होते. तासाभरात एकाच दगडावर ते पायरीपायरीने होताना बघणं वेगळं. पिवळा, मग सायीत केशर खलल्यावर येतो तसा, मग नारिंगी. आणि तिरप्या उन्हात त्या ग्रॅनाइटची प्रत्येक भेग, प्रत्येक पापुद्रा उठून दिसायला लागला. दुपारी जो कडा सपाट राखाडी भिंत होता, त्याला आता अंगकाठी आली होती.

आई खुर्चीतून उठल्या. त्यांचं माहेर महाद्वार रोडचं. "अगं, हे तर आपल्या अंबाबाईचं आहे," त्या म्हणाल्या. "किरणं चढायला लागली बघ."

मला एकदम लख्ख कळलं. कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आई लहानपणापासून हा किरणोत्सवाचा सोहळा बघत आल्या आहेत. धुकं असलं, ढग असले, वाटेत एखाद्या इमारतीचा अडथळा आला तर किरणं अर्ध्यावर थांबतात हेही त्यांना माहीत. त्या वर्षी कमरेपर्यंत आली, एवढंच लोक सांगतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहतात.

इथे त्या मला हळू आवाजात सांगत राहिल्या. सावली अर्ध्यावर आली. अजून चढतेय. आता गळ्याशी. मी फोटो काढत होते, पण खरं सांगायचं तर त्यांच्या त्या मोजणीमुळे मला कॅमेऱ्याबाहेरचं जास्त दिसलं. साडेपाचच्या पुढे फक्त त्या ओघळाभोवतीचा एक अरुंद, उभा पट्टा उरला, बाकी दरी निळी-काळी, आणि तो पट्टा निखाऱ्याच्या रंगाचा. बोटभर पाणी होतं तेही दिसलं: ओल्या खडकावरून तांब्याची तार ओढल्यासारखी एक रेघ, मधेच तुटलेली.

नेमकं तेव्हा माझ्या डाव्या हाताच्या तरुणाने ट्रायपॉडचे पाय मिटायला सुरुवात केली. "आज काही झालं नाही," तो मित्राला म्हणाला. मागे झिपांचे आवाज, फ्लॅशलाइटचे झोत, परतीच्या रस्त्यावर पावलांची खसखस. कडा समोर जळत होता आणि निम्मी गर्दी त्याच्याकडे पाठ करून चालली होती! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. या माणसांनी सकाळपासून थंडीत जागा धरली होती. ज्याची वाट बघत होते ते ऊन आलं होतं, वेळेवर, पूर्ण. नव्हता तो त्यांच्या डोक्यातला फोटो, त्यामुळे समोरचं त्यांच्या लेखी घडलंच नाही. पांढऱ्या केसांचे गृहस्थ जागचे हलले नाहीत. पट्टा गुलाबी झाला, मग विटकरी, मग राखाडी. त्यानंतरच त्यांनी कॅमेरा बंद केला आणि आईंना हात जोडून नमस्कार केला. तो कुठे शिकले कोण जाणे.

फोटोबद्दल विचारणाऱ्यांसाठी: कॅमेऱ्याला आपलं आपण ठरवू दिलं की दोन गोष्टी बिघडतात. तो अंधाऱ्या दरीचीही सरासरी धरतो आणि उजळ पट्टा जाळून पांढुरका करतो, म्हणून एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते) त्या पट्ट्यावरच मोजायचं आणि बाकीचं खुशाल काळं होऊ द्यायचं. आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर असेल तर तो नारिंगी रंगाला दोष समजून काढायला बघतो. ज्याच्यासाठी आलो तोच रंग! मी दिवसाच्या उन्हाचं सेटिंग ठेवते आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढते. मोबाईलवाले बिचारे सावल्या आपोआप उजळल्यामुळे वैतागतात. त्यांनी पट्ट्यावर बोट दाबून उजेड खाली ओढावा. लेन्स २०० मिलिमीटरच्या आसपासची हवी. एवढं पुरे. ज्यांना वाहता धबधबा हवा त्यांनी आदल्या आठवड्यात तिथे बर्फ किती पडलं आणि दुपारी ऊब किती आहे हे बघून निघावं.

परत दीड मैल अंधारात चालताना आईंनी विचारलं, "आपल्याकडं नोव्हेंबरातपण असतो की किरणोत्सव, ९, १० आणि ११ तारखेला. सूर्य दक्षिणेकडं जाताना एकदा आणि परत येताना एकदा. मग इथंपण दोनदा येत असंल की!"

आम्ही दोघी रस्त्यातच थांबलो. इतकी वर्षं या फोटोंबद्दल वाचतेय, पण असा विचार माझ्या मनात आला नव्हता. आईंनी बोटांवर हिशेब केला: २१ डिसेंबरपासून आजपर्यंत ६१ दिवस, तर तेवढेच मागे मोजायचे, म्हणजे २१ ऑक्टोबर. खोलीवर जाऊन तपासलं तर अगदी खरं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सूर्य पुन्हा त्याच जागी मावळतो, तेच ऊन त्याच पट्ट्यावर चढतं. फक्त तेव्हा धबधबा आटलेला असतो, म्हणून कुणी येत नाही. जागा धरणं नाही, दीड मैलांची पायपीट नाही, स्पीकर नाहीत.

पुढचे दोन दिवस दरीतल्या बाकीच्या जागा बघितल्या, सुंदर आहेत, सगळ्यांनी त्याबद्दल लिहिलेलं आहे.

आई मेमध्ये परत जातील. नोव्हेंबरात त्या महाद्वारात उभ्या राहणार आहेत आणि त्याच्या आधी मी त्यांना इथल्या कोरड्या कड्याचे फोटो पाठवायचे असं ठरलंय. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मारिपोसात खोली घेऊन ठेवली आहे. सूर्यास्त तेव्हा सहानंतर असतो, म्हणजे दुपारी निघालं तरी चालेल. कुणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत.