सितैन की सबैन?

"आपलं गाव आधी नदीच्या अंगाला होतं," एवढंच आजोबा सांगायचे. कधी हलवलं, का हलवलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीपासून मैलभर आत आहे. काठावर एक टेकाड आहे, त्याला सगळे पांढरी म्हणतात. वस्तीची जमीन ती पांढरी आणि कसायची ती काळी, ही जुन्या कागदांतली विभागणी. राख, शेण, पडलेल्या भिंती शेकडो वर्षं एकावर एक साचल्या की माती पांढुरकी होते. म्हणजे टेकाडाचं नावच साक्ष देत होतं. कागद तेवढा हवा होता.

जुने कागद मोडी लिपीत, म्हणून आधी मोडी शिकलो. शनिवार-रविवारचा वर्ग. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, पूर्णविरामाचा पत्ता नसतो. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. तक्त्यावरची मोडी दोन महिन्यांत यायला लागली. खरा कागद समोर आला तेव्हा पहिल्या ओळीला पाऊण तास लागला, कारण प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा.

मग पुणे पुराभिलेखागार. अर्ज, ओळखपत्र, अभ्यासाचा विषय वगैरे रीतसर झालं. तिथे गेल्यावर कळलं, की नुसतं गावाचं नाव सांगून काही हाती लागत नाही. आजचा तालुका तिथे कामाचा नाही. तेव्हाचा प्रांत कोणता, परगणा कोणता, तर्फ कोणती, हे आधी ठाऊक पाहिजे. ते शोधण्यातच तीन खेपा गेल्या. नंतर रुमाल येऊ लागले. कागदांचा गठ्ठा कापडात बांधलेला असतो, तो रुमाल. त्यात आमच्या गावाचं म्हणून वेगळं काही नसतं. तगाई म्हणजे शेतकऱ्यांना दिलेलं सरकारी कर्ज, वसुली, पाटीलकीचे तंटे, कुणाची तरी चोरीला गेलेली म्हैस, असं चाळत बसायचं. शाईचं पेन मी घरीच ठेवायचो, टिपणं शिसपेन्सिलीने.

सहाव्या दिवशी 'मौ' पुढे आमच्या गावाचं नाव दिसलं. 'मौ' म्हणजे मौजे. मोकदमांच्या, म्हणजे पाटलांच्या, अर्जावरून दिलेल्या कौलाची, म्हणजे सरकारी सवलतपत्राची, ती नक्कल होती. जुनी पांढरी सोडून नवी वसवायची, म्हणून काही सालं साऱ्यात सूट. माझे हात थरथरत होते. लगेच नजर सालावर गेली.

पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन, ही तेव्हाची कालगणना, असते आणि आकडे अरबी शब्दांत, एकं आधी. सलास म्हणजे तीन, सितैन साठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. वर्ष मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून इसवी सन काढताना कधी ५९९ मिळवायचे, कधी ६००. मी वाचलं, सलास सितैन मया व अलफ. ११६३. म्हणजे १७६२-६३. आणि १७६३ साली तर निजामाच्या फौजेने पुणं लुटून जाळलं! फौज आमच्या बाजूनेही आली असणार, गाव जाळलं असणार, म्हणून पांढरी सोडली. सगळं कसं चपखल बसलं. बाहेर येऊन चहा पितापिताच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार परिच्छेद टाकले. दीडशे अंगठे आले.

पुढच्या रविवारी त्या कागदाची प्रत मोडीच्या वर्गातल्या सरांना दाखवली. त्यांनी भिंग लावलं, कागद तिरपा धरला. "इथे कसरीने खाल्लंय. 'स' दिसतोय, 'न' दिसतोय. मधलं अक्षर तुम्ही कशावरून लावलंत?" मी गप्प. मग त्यांनी खाली बोट ठेवलं. तिथे सरळ नारायणराव पंडित प्रधान, म्हणजे नारायणराव पेशवे, असा उल्लेख होता. ११६३ मध्ये पेशवे माधवराव. नारायणरावांना पेशवाई मिळाली १७७२ च्या अखेरीस आणि ऑगस्ट १७७३ मध्ये त्यांचा खून झाला. म्हणजे सितैन नव्हे, सबैन. ११७३. निजामाच्या स्वारीला तोवर नऊ-दहा वर्षं होऊन गेली होती. साल मनासारखं लागल्यावर पुढच्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या, नुसत्या चाळल्या होत्या. त्यांत कारणही होतं. नदी दर पावसाळ्यात दरड कापत होती आणि घरं खाली जात होती.

मग टेकाडावर गेलो. नदीकडची बाजू उभी तुटलेली आहे. सकाळी कोवळं ऊन तिरपं पडलं, की थर वाचता येतात. वर बांगड्यांच्या काचा आणि कौलांचे तुकडे, मधे राखेचा काळा पट्टा, एका चुलीची भाजलेली लाल कड. खणायला परवानगी लागते, त्यामुळे मी खुरप्यालासुद्धा हात लावला नाही. पट्टी ठेवून फोटो काढले, जागा टिपली.

पायथ्याशी घसरून आलेल्या मातीत एक खापर होतं. पातळ, तांबडं, त्यावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा. नखाने टिचकी मारली तर धातूसारखं वाजलं. फोटो एका पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला पाठवला. त्यांचं म्हणणं, जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचं असू शकतं. याच घोड नदीवर इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे अशी भांडी भरपूर निघाली. ती वस्ती इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० ची. पुढे लगेच त्यांनी बजावलं, "एका खापरावरून काही ठरत नाही. पुरात वाहूनही आलं असेल." या वेळी मी ग्रुपवर काही टाकलं नाही.

नारायणरावांच्या कागदाचं मात्र सांगावं लागणार होतं. दुरुस्तीचा मजकूर टाकला, त्यावर अंगठे आले सात. चैत्रात यात्रेला गेलो तर वेशीवर वीस फुटी फ्लेक्स. वर ग्रामदैवत, खाली पुढाऱ्यांचे फोटो आणि मधे ठळक अक्षरांत, '१७६३ साली निजामाने जाळलेल्या ऐतिहासिक गावात आपले सहर्ष स्वागत.' सरपंचांना बाजूला घेऊन सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, नदीने घरं नेली हे फ्लेक्सवर कसं दिसंल?"