आधी गळा, मग पेटी

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, की पालक मला एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, कीबोर्ड शिकवता का?" कुणी तबल्याचं विचारतं, एखाद्या आईला मुलीनं सिंथेसायझरवर गाणी वाजवावीत असं वाटतं. गाणं शिकवता का, असं विचारणारा पालक क्वचितच भेटतो. गाणं म्हणजे ज्याला देवानं गळा दिलाय त्याचं काम, आणि वाद्य म्हणजे क्लास लावला की कुणालाही येणारी गोष्ट, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. सांगलीतल्या एका मराठी शाळेत पाचवी ते आठवीला मी मानधनावर संगीत शिकवते. आठवड्याला प्रत्येक तुकडीला एक तास. ही समजूत माझ्या तासाच्या रोज आडवी येते, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

माझं म्हणणं असं आहे की शाळेत प्रत्येक मुलानं आधी गायलं पाहिजे. पुढं त्यानं तबला, बासरी, सतार, कीबोर्ड, काय वाटेल ते शिकावं. पण कीबोर्डची पट्टी दाबली की सूर बरोबरच येतो, मुलाच्या कानाला काही करावंच लागत नाही. गाताना तसं होत नाही. पेटीतल्या, म्हणजे हार्मोनियममधल्या, पंचमाशी (प या सुराशी) आपला पंचम जुळला की नाही हे ऐकावं लागतं, खाली पडला तर उचलावा लागतो, वर गेला तर आवरावा लागतो. ही शोधाशोध म्हणजेच कान तयार होणं. दोन वर्षं नीट गायलेलं मूल बासरीला बसलं की त्याला सूर कुठं आहे ते माहीत असतं. बोटांनी फक्त तिथवर पोचायचं असतं.

सगळ्यांनी गायचं म्हणते तेव्हा खरोखर सगळ्यांनी. समूहगीताच्या स्पर्धा आल्या, स्नेहसंमेलन आलं, की शाळाशाळांतून पंधरा-वीस आवाज निवडतात आणि बाकीचा वर्ग पटांगणात जातो. माझ्या धाकट्या भावाला चौथीत असताना सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." आज तो पन्नाशीला आला आहे. गणपतीत घरी आरती सुरू झाली की तो टाळ्या वाजवतो आणि ओठ हलवतो. आवाज काढत नाही. त्याचा आवाज वाईट नाही हो. लहानपणी अंघोळ करताना तो काय गायचा ते मी बाहेरून ऐकलेलं आहे. बेसूर म्हणून बाजूला काढलेली बहुतेक मुलं बेसूर नसतात. त्यांना झेपेल त्या पट्टीत, म्हणजे झेपेल त्या उंचीवर सा धरून, कुणी गायलाच दिलेलं नसतं, किंवा सूर ऐकून मग गायची सवय लावलेली नसते.

हे सगळं आमच्या भागातच बसून लिहावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आले आणि तिथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. त्या काळी विद्या घराण्यात राहायची, गुरूच्या मर्जीवर मिळायची. त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, फळ्यावर लिहिता येईल अशी स्वरलिपी, आणि ज्याला शिकायचं आहे त्याला प्रवेश. आज माझ्या वर्गात पाचवीची मुलं वहीत स्वर लिहितात ती त्याच वाटेवरून. 1931 साली मिरजेतच त्यांचं निधन झालं. ज्या माणसानं गाणं सगळ्यांसाठी मोकळं केलं त्याच्या गावापासून इतक्या जवळ, शाळेतल्या मुलाला "तू ओठ हलव" म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

आता तानपुऱ्याबद्दल. इथं मी जरा रमणार आहे.

मी शाळेत लागले तेव्हा संगीताच्या कपाटात एक पेटी, तबल्याची जोडी, खंजिरी आणि झांजा होत्या. तानपुरा नव्हता. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावून काम चालतं, मीही चालवलं. पण मोबाइलमधून येणारा सूर पन्नास मुलांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. आणि मुख्य म्हणजे तो कुणी लावलेला मुलांना दिसत नाही. शेवटी ओळखीतल्या एका घरी माळ्यावर पडलेला तानपुरा मिळाला. तारा गंजलेल्या, एक खुंटी सैल, आवाज पार बसलेला. तो घेऊन मी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले.

तिथल्या चाचांनी तानपुरा मांडीवर घेतला, एक तार छेडली आणि म्हणाले, "ताई, जवारी गेलीय." भोपळ्यावरच्या तबलीवर जी घोडी असते, तिच्या वरच्या पृष्ठभागाला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावर टेकते न टेकते अशी बसते आणि कंप पावताना त्याला हलकी घासत राहते. तिथूनच तो झंकार येतो, तीच जवारी. वर्षानुवर्षं तार घासून घोडीवर खाच पडली की झंकार मरतो. चाचांनी तारा उतरवल्या, कानशीनं घोडी घासली, तार चढवली, ऐकलं, पुन्हा उतरवली, पुन्हा घासली. किती वेळ हे चाललं होतं मला सांगता येणार नाही. मोजपट्टी नाही, यंत्र नाही, सगळं कानावर. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि नखानं एकेक केस पुढं ढकलत राहिले. एका जागी आल्यावर तार एकदम उघडली. तोवर फक्त टणटण वाजणाऱ्या त्या लाकडातून असा काही आवाज आला की समोरच्या दुकानातला माणूस मान वळवून बघायला लागला.

दुसऱ्या वर्षी सहावीची तुकडीच घेऊन गेले. सांगली ते मिरज अंतर ते किती, बसनं अर्धा तास. पण वर्गातल्या बहुतेक मुलांना माहीत नव्हतं की देशभरातले मोठमोठे गवई ज्या तानपुऱ्यांवर गातात ते या गल्लीत तयार होतात. छताला टांगलेले भोपळे बघून एका मुलानं विचारलं, "चाचा, ह्यो भाजीचा हाय का?" चाचांनी न हसता समजावून सांगितलं की ही जात वेगळी, साल जाड, चव कडू, मंगळवेढ्याकडून येतात, वाळवून ठेवायचे, मग कापायचे. तुणीचं लाकूड त्याला हात लावून बघायला दिलं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तीच मुलं वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे धावत आली होती.

वर्गात तानपुरा आला आणि तासाची रीतच बदलली. आता पहिली पाच मिनिटं कुणी गात नाही. मी लावते, मुलं ऐकतात. पंचम, सा च्या दोन जोडीच्या तारा, मग खर्ज, म्हणजे खालचा सा. लावताना त्यांनाच विचारते, चढी आहे की उतरलेली? सुरुवातीला अंदाजपंचे ओरडतात. दिवाळीपर्यंत बरोबर सांगायला लागतात. मग एकदा मी विचारते, यात सा आणि प सोडून आणखी कोण गातंय? हे सगळ्यांना लगेच कळत नाही. खर्जाची तार चांगली लागली असेल तर तिच्यातून गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो, कुणी न वाजवलेला. यंदा तो पहिल्यांदा ऐकला तो मागच्या बाकावरच्या, मराठीच्या तासाला एक ओळ धड न वाचणाऱ्या मुलानं. "बाई, त्यात ग हाय." मी त्याला तो गायला सांगितला. त्यानं लावला, आणि बरोबर लावला. त्यानंतर भूप राग शिकवायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. त्या वर्गाला गंधार कुठं असतो हे फळ्यावर लिहून दाखवावं लागलं नाही.

पेटीशी माझं वैर नाही. पेटीशिवाय शाळेत चालणारच नाही. पण पेटीतले बारा सूर आधीच पक्के करून ठेवलेले असतात आणि आपल्या गाण्यातला गंधार किंवा धैवत (ध) त्या पट्ट्यांवर नेमका बसत नाही. सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी यावर आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर तपासून, बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक अंतराचे सूर, वाजवणारी पेटी करवून घेण्याचा खटाटोप त्यांनी केला. तिकडे 1940 साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली ती पुढं तीस वर्षं टिकली. मी इतकी कडक नाही. मी एवढंच करते की पेटी तासाच्या दुसऱ्या अर्ध्यात उघडते. आधी उघडली की मुलं तिच्यावर ताण करून ओरडायला लागतात, आणि ओरडणाऱ्याला शेजारचा ऐकू येत नाही.

पट्टीचंही तसंच. चित्रपटातलं गाणं ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत दहा वर्षांच्या मुलांकडून म्हणवून घेतात आणि मग मुलं वर चिरकतात, खाली नुसती पुटपुटतात. पाचवी-सहावीला पेटीवरची काळी पाच किंवा पांढरी एक ही पट्टी सा म्हणून धरली तर मध्य सप्तक आणि तार सा बहुतेकांना आरामात जमतो. मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात त्या वयात नेऊच नये.

खरी कसोटी आठवीत. मुलग्यांचे आवाज फुटतात. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो, आणि उतरता उतरता मध्येच फाटतो. काल गाणारा मुलगा आज तोंड उघडायला लाजतो. वर्ग हसतो. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी त्याला "तू आता तबल्याला बस" म्हणून मोकळे होतात आणि तो गाण्यातून कायमचा जातो. मी पांढरी चारला सा धरते आणि सा ते प एवढ्याच टप्प्यात फिरणाऱ्या ओळी देते. ही मुलं खाली गातात, मुली तीच ओळ वरच्या सप्तकात गातात. एकाच वर्गातून दोन सप्तकं ऐकू आली की ज्याला आपल्या आवाजाची लाज वाटत होती त्याला कळतं की आपला खालचा सूर वर्गाला हवा आहे. ताण करायचा नाही, ओरडायचं नाही, पण गाणं सोडायचंही नाही. वर्षभरात आवाज स्थिरावतो.

तबल्याबद्दल थोडंच. आमच्याकडे पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, सैल पडते, सकाळी सुराला मिळवलेला तबला दुपारपर्यंत उतरतो. मी ठोकाठोक मुलांकडूनच करून घेते. वाद्यांखालचा लाकडी गठ्ठा कुठं ठोकला की काय होतं हे बघताना त्यांना कळतं की तबल्यालाही सा असतो. आणि तबल्याला बसण्याआधी हातावर त्रिताल: टाळी, टाळी, खाली, टाळी. सोळा मात्रा हातावर धरता आल्याशिवाय मी कुणालाही तबल्याचा ‘ना’ हा बोलही वाजवू देत नाही.

परीक्षांचं मात्र अवघड जागेचं दुखणं आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण या संगीताच्या परीक्षा चांगल्याच आहेत, मीही त्या देऊनच इथवर आले. पण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून नववीत पालक येतात आणि विचारतात, वर्षभरात किती परीक्षा उरकतील? मुलगी यमन रागाच्या ताना पाठ करून जाते, पास होते, आणि तिला तानपुरा लावता येत नाही. गुणांसाठी आलेल्या मुलांना मी परत पाठवत नाही. त्यांनाही पहिली पाच मिनिटं गप्प बसून ऐकायला लावते.

कपाटाचंही सांगून टाकते, कारण शाळाचालकांपैकी कुणी हे वाचत असेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. शाळेची पेटी तळमजल्यावर होती. भात्याचं चामडं कुजलं, लाकूड फुगून सांधे सुटले. पितळेचे सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या आतल्या पत्र्या, तेवढे गाळ धुऊन दुसऱ्या पेटीत बसवता आले. तानपुरा त्या आठवड्यात दोराबदलासाठी मिरजेला होता म्हणून वाचला. नदीकाठच्या शाळांनो, वाद्यांचं कपाट वरच्या मजल्यावर हलवा, जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवू नका.

यंदा मुख्याध्यापकांनी आठवीचा संगीताचा तास शेवटचा न देता दुसरा दिला आहे. मी गेली काही वर्षं मागे लागले होते. दमलेली, दप्तर भरून बसलेली मुलं सूर ऐकत नाहीत. दुसऱ्या तासाला ऐकतात. आता एका तानपुऱ्यावर दोन तुकड्या भागत नाहीत. सांगली, मिरज, कुपवाड, कुणाच्याही घरी माळ्यावर जुना तानपुरा पडून असेल, भोपळ्याला तडा नसेल, तर शाळेला द्या. तारा, खुंट्या, जवारी यांचा खर्च मी बघते, न्यायलाही मीच येईन.